दोन चाकं, एकच माप

वाचन: १ राजे ७:२७-३७ आणि मार्क १२:४१-४४



या वेळी एका ट्रॉलीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट लहान आहे. पण तिच्यात आमची चूक आहे, आणि ती मंडळीपुढे कबूल केल्याशिवाय दुसरं काही लिहायला घ्यावं असं आम्हाला वाटत नाही.

मंडीदीप तुमच्यापैकी अनेकांनी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं असेल. भोपाळहून इटारसीकडे निघालं की थोड्याच वेळात कारखान्यांची धुराडी दिसू लागतात, तेच आमचं गाव. जिल्हा रायसेन. इथे ट्रॅक्टर बनतात, औषधं बनतात, पोलादाच्या भट्ट्यांना लागणारे ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड बनतात. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली आमची काही कुटुंबं इथेच स्थिरावली. मुलं हिंदीत शिकली, पण घरातली प्रार्थना मराठीतच राहिली.

मे महिना आला की आमच्या मागच्या गल्लीत पाण्याचे हाल सुरू होतात. टँकर येतो, पण त्याची वेळ ठरलेली नसते, आणि आला तरी बादली उचलून आत न्यायची ताकद सगळ्यांत नसते. अशी नऊ घरं आम्ही मोजली होती. कुणी एकटं, कुणी गुडघ्यांनी अडलेलं. मंडळीतल्या एका भावाच्या शेतात विहीर आहे आणि तिचं पाणी उन्हाळ्यातही टिकतं. त्यांनी सांगितलं, "पाणी घ्या, पण न्यायचं कसं ते तुम्ही बघा." तिथून ट्रॉलीचा विचार निघाला. शेताच्या वाटेवर ती मोटरसायकलच्या मागे जोडायची, आणि गल्ली लागली की सोडून दोघांनी हाताने ओढायची. रस्त्यावर मोटरगाडीमागे ट्रेलर ओढायचा तर कायद्याने त्या ट्रेलरचीही नोंदणी लागते, म्हणून मोटरसायकलचा उपयोग शेतापुरताच असं पाळकसाहेबांनी आधीच बजावलं होतं.

सांगाड्याला लागणारं लोखंड वर्गणीतून आलं. चाकं कुठून आणायची, हा प्रश्न होता. तेव्हा मंडळीतल्या एक काकू रविवारच्या उपासनेनंतर आमच्याकडे आल्या. दोन वर्षांपूर्वी काका प्रभूकडे गेले. त्यांची मोटरसायकल अंगणात तशीच उभी होती. इंजिन कधीच गेलं होतं. काकू म्हणाल्या, "ह्यांची दोन्ही चाकं काढून घ्या. वीस वर्षं ह्याच गाडीवरून कारखान्यात गेले. आता देवाच्या कामाला लागू दे."

त्या वेळी आमच्यापैकी दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही चाकं काढून आणली, पुसली, आणि वेल्डरकडे नेली.

वेल्डर भैया ख्रिस्ती नाहीत, पण आमच्या हॉलची जाळी त्यांनीच केलेली. त्यांनी दोन्ही चाकं जमिनीवर शेजारी शेजारी उभी केली, एकेकाला फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "भैया, ये जोड़ी नहीं है. आगे वाला बोझ नहीं उठाएगा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते आम्हालाही दिसत होतं. मोटरसायकलचं पुढचं आणि मागचं चाक दिसायला भावंडं, पण त्यांचं काम वेगळं. आमच्या चाकांची रिम दोन्हीकडे १७ इंचीच होती, पण पुढचं टायर २.७५ चं आणि मागचं ३.०० चं. म्हणजे एक्सलच्या उंचीत सुमारे पाव इंचाचा फरक. खरा फरक आत होता. मागच्या चाकाचा हब रुंद, त्याला चेनचं स्प्रॉकेट बसतं, त्याचा एक्सल जाड. मागे बसणारा माणूस, सामान, इंजिनाची ओढ, सगळं त्याच्यावर येतं. पुढच्या चाकाचा हब अरुंद आणि एक्सल बारीक.

मग आम्ही काय केलं? काकूंकडे जाऊन हे सांगायला हवं होतं. आम्ही गेलो नाही. "त्यांना वाईट वाटेल," असं एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. शनिवारी पाणी न्यायचंच होतं. आम्ही भैयांना म्हटलं, "चला लेंगे, आप लगा दीजिए." त्यांनी खांदे उडवले आणि लावून दिली. एक्सल सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूला जोडले आणि चाकं बाहेर बसवली, हातगाडीला असतात तशी.

पहिला शनिवार बरा गेला. २० लिटरचे आठ जार, म्हणजे नुसतं पाणीच १६० किलो. ट्रॉली एका बाजूला किंचित कललेली होती, पण चालली. काकू गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी चाकाला हात लावून नमस्कार केला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काही बोललो नाही.

दुसऱ्या शनिवारी नाल्याजवळच्या उतारावर डावीकडचा बारीक एक्सल वाकला. चाक आत कललं, सांगाड्याला घासलं आणि ट्रॉली त्या बाजूला बसली. तीन जार सुटले. आमच्यातला एक कॉलेजचा मुलगा बाजूने आधार देत चालला होता. एक जार त्याच्या पायावर आला. अंगठ्याचं हाड चिरलं. परीक्षा संपली होती, एवढंच बरं. पण पुढचे तीन आठवडे तो घरात बसून होता, आणि त्या दिवशी नऊपैकी चार घरांत पाणी पोचलं नाही.

संध्याकाळी काकू त्या मुलाच्या घरी आल्या. आम्ही तिथेच होतो. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वेल्डरने तुम्हाला आधी सांगितलं होतं ना?"

आम्ही हो म्हटलं.

"मग मला का नाही सांगितलं, बाळांनो?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, काकू."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी चाक दिलं होतं, आठवण नव्हती दिली. आठवण माझ्यापाशीच आहे. चाक उपयोगी नव्हतं तर बदलून घ्यायचं होतं. आता ह्यांच्या चाकाने पोराचा पाय मोडला, हे मी कुठे ठेवू?"

प्रिय वाचकांनो, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. काकूंना दुःख होऊ नये म्हणून आम्ही गप्प बसलो होतो, आणि त्याच गप्प बसण्यातून त्यांना त्याहून मोठं दुःख दिलं.

त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी आम्हाला रागावून काही म्हटलं नाही. त्यांनी फक्त पहिल्या राजे या पुस्तकाचा सातवा अध्याय वाचायला सांगितला. हा अध्याय आपण बहुतेक जण भराभर उलटतो, कारण त्यात मापंच मापं आहेत. शलमोनाच्या मंदिरासाठी सोराच्या हिरामाने पितळेच्या दहा चौकी केल्या. प्रत्येक चौकीला चार चाकं, प्रत्येक चौकीवर पाण्याचं एक गंगाळ, आणि प्रत्येक गंगाळात चाळीस बथ पाणी. चाकांची उंची दीड हात लिहिली आहे. हात म्हणजे सुमारे १८ इंच धरला तर चाक २७ इंचांच्या आसपास येतं, आमच्या मोटरसायकलच्या चाकापेक्षा थोडंच मोठं. चाकांचे आस, धावा, आरे आणि तुंबे, सगळ्यांची नोंद आहे. आणि शेवटी सांगितलं आहे की दहाही चौकी एकाच ओतकामाच्या, एकाच मापाच्या आणि एकाच आकाराच्या होत्या.

आम्ही ते वाचून थबकलो. देवाच्या घरातही पाणी चाकांवरूनच जात होतं. आणि ती चाकं जोडीची आहेत की नाहीत, हे पवित्र शास्त्राने नोंदवण्याइतकं महत्त्वाचं मानलं. दुसऱ्या इतिहासात लिहिलं आहे की ती गंगाळं होमार्पणाच्या वस्तू धुण्यासाठी होती. म्हणजे ते काम मोठ्या मानाचं नव्हे, धुण्याचं. तरी माप चोख.

आमच्या गावाजवळही याची एक खूण आहे. भोजपूरचं अकराव्या शतकातलं मंदिर अपुरंच राहिलं, पण त्याच्या आसपासच्या खडकावर कारागिरांनी कोरलेले बांधकामाचे आराखडे आजही दिसतात, आणि दगड वर चढवण्यासाठी रचलेल्या उतरणीचे अवशेषही. दगड उचलण्याआधी त्या लोकांनी रेषा आखल्या होत्या. आम्ही दोन चाकं लावण्याआधी दोरीसुद्धा लावली नव्हती.

पण आमचा खरा दोष मापाचा नव्हता. माप आम्हाला कळलं होतं. आम्ही ते सांगितलं नाही, हा दोष होता. म्हणून दुसरं वाचन आम्ही स्वतःच निवडलं, मार्काच्या बाराव्या अध्यायातलं, विधवेच्या दोन नाण्यांचं. त्या उताऱ्यावर आपण अनेक उपदेश ऐकले आहेत. या वेळी आम्हाला एक गोष्ट नव्याने दिसली. प्रभू येशू भांडारासमोर बसून पाहत होता. तिने किती टाकलं हे त्याला नेमकं ठाऊक होतं. दोन नाणी, सगळ्यांत कमी किमतीची. त्याने ती जास्त असल्यासारखं दाखवलं नाही. तिचं मन राखण्यासाठी आकडा लपवला नाही. रक्कम होती तेवढीच राहिली, आणि तिने सगळ्यांहून अधिक दिलं हेही त्यानेच सांगितलं. एकाच तोंडाने दोन्ही गोष्टी.

आम्हाला मात्र वाटलं की दोन्ही एकत्र शक्य नाहीत. एकतर काकूंचा मान राखायचा, नाहीतर खरं सांगायचं. पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रीतीने सत्य बोलण्याविषयी सांगतो, तेव्हा तो प्रीती आणि सत्य दोन्हीकडे सारखा भार देतो. आमच्या ट्रॉलीसारखंच ते आहे. एक बाजू बारीक ठेवली की दुसरी कितीही भक्कम असली तरी गाडी कलते. नुसती प्रीती ठेवून सत्य बारीक केलं, आणि एका मुलाचा अंगठा गेला. नुसतं सत्य ठेवून प्रीती बारीक केली असती, तर एका विधवेने देणगी घेऊन परत येण्याची हिंमतच केली नसती.

आता कुणी विचारेल, "मंडळीत सगळे सारखे कुठे असतात? करिंथकरांस लिहिताना पौलच म्हणतो ना, की शरीर एक आणि अवयव वेगळे?" ते खरंच आहे. ट्रॉलीलाही सगळे भाग सारखे लागत नाहीत. कडी वेगळी, फळी वेगळी, दांडा वेगळा. पण एकाच ओझ्याखाली जे दोघे शेजारी शेजारी लागतात, त्यांच्यावर भार सारखा यायला हवा. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये असा नियम आहे. आपण विजोड जुवाची गोष्ट बहुधा लग्नाच्या वेळीच काढतो. पण मंडळीच्या कामातही आपण हेच करतो. एकाला सगळी माहिती, दुसऱ्याला नुसते हुकूम. एकाकडे किल्ली, दुसऱ्याकडे झाडू. आणि जो बारीक आहे तो वाकला की म्हणतो, "याच्यात दमच नव्हता." आमचा तो बारीक एक्सलही वाईट नव्हता. काकांना त्याने वीस वर्षं कारखान्यात नेलं. त्याच्या ताकदीबाहेरची जागा आम्ही त्याला दिली.

नंतर काय केलं, तेही सांगतो, म्हणजे कुणाला अशी ट्रॉली करायची असेल तर आमची चूक पुन्हा करावी लागणार नाही.

काकूंना बरोबर घेऊनच आम्ही जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. पुढचं चाक त्यांनी स्वतःच्या हाताने दुकानदाराला दिलं. त्या चाकाबरोबर वर थोडे पैसे देऊन त्याच मॉडेलचं मागचं चाक घेतलं. कुणाच्या गाडीचं होतं ते ठाऊक नाही. म्हणजे आता आमच्या ट्रॉलीला एक चाक काकांचं आणि एक अनोळखी माणसाचं आहे, आणि दोन्ही एकाच मापाची आहेत. टायर दोन्हीकडे ३.०० चे, नवे, एकाच दिवशी बसवलेले.

भैयांनी दुसऱ्या वेळी काम करताना सांगितलं की एक्सल एकाच बाजूने पकडला, ती त्यांचीही चूक होती. मोटरसायकलच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवायची सवय असते. पुढे फोर्क धरतो, मागे चिमटा. एकाच बाजूने टांगलं की सगळा बाक एक्सलवर येतो. म्हणून आता प्रत्येक चाकाच्या दोन्ही अंगांना पट्टी आहे आणि एक्सल दोन्हीकडे टेकलेला आहे. स्प्रॉकेट काढल्यावर जी जागा मोकळी झाली तिथे नळीचा बुश कापून घातला, नाहीतर नट आवळला की बेअरिंग दाबलं जातं आणि चाक जड फिरतं.

मग दोरी लावली. पुढच्या कडीपासून डाव्या एक्सलपर्यंत आणि कडीपासून उजव्या एक्सलपर्यंत. दोन्ही अंतरं सारखी येईपर्यंत वेल्डिंग पक्कं केलं नाही. दोन चाकांमधलं अंतर पुढच्या कडेला मोजलं आणि मागच्या कडेला मोजलं, तेही सारखं हवं, नाहीतर टायर घासत चालतं. हवा अंदाजाने नव्हे, मीटर लावून, दोन्हीकडे एकसारखी. कडीला गोल फिरता येतं हे पाहिलं, कारण वळणावर मोटरसायकल कलते आणि ट्रॉली कलत नाही. वजन थोडं पुढे ठेवायचं, एकूण भाराचा सुमारे दहावा भाग कडीवर येईल इतकं. मागे जास्त झालं तर ट्रॉली गाडीचं मागचं चाक उचलू पाहते. जार दोरीने बांधायचे, ट्रॉलीला ब्रेक नाही म्हणून उतारावर मोटरसायकल सोडून हातानेच न्यायची, आणि चालत्या ट्रॉलीच्या शेजारून कुणीही चालायचं नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी ट्रॉली पुन्हा निघाली. सरळ उभी होती. नऊही घरांत पाणी पोचलं. तो मुलगा काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी येऊन बसला होता आणि जार मोजत होता. काकू त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यांचं कोणतं?"

आम्ही खाली वाकून पाहिलं. दोन्हींवर सारखीच धूळ होती. नेमकं कोणतं, ते आम्हालाही चटकन सांगता येईना. आणि या वेळी आम्ही तसंच सांगितलं: "काकू, कळत नाही."

त्या हसल्या. "असू दे," म्हणाल्या. "दोन्ही चालताहेत ना?"

प्रिय बंधुभगिनींनो, तुमच्या मंडळीतही कुणीतरी प्रेमाने काही आणून देत असेल. कुणी पेटी देतं, पण तिचे सूर गेलेले असतात. कुणी औषधं देतं, पण त्यांची तारीख उलटलेली असते. कुणी म्हणतं, "मी संडे स्कूल घेतो," पण त्याला अजून शिकायचं असतं. तेव्हा हसून घेऊन कोपऱ्यात ठेवू नका, आणि हसून घेऊन ओझ्याखालीही लावू नका. देणाऱ्याजवळ बसा. जे आहे ते मापून त्याला सांगा, आणि त्याच्या देण्याची किंमत प्रभूने लावली तशी लावा. तो माणूस तुम्हाला वाटतो त्याहून भक्कम असतो. काकू होत्या.

आपण प्रार्थना करू या.

हे दयाळू बापा, ज्यांना वाईट वाटेल म्हणून आम्ही खरं सांगितलं नाही, त्यांची आम्हाला आठवण दे. जे आमच्या गप्प बसण्याने दुखावले गेले, त्यांना बरं कर. आमच्या जिभेवर प्रीती आणि सत्य यांचं माप सारखं राहो. ज्यांच्यावर आम्ही त्यांच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकलं, त्यांच्या शेजारी आम्हाला उभं कर. आणि या उन्हाळ्यात ज्या घरांत पाणी पोचलं नाही, त्या घरांपर्यंत आमची पावलं ने. तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.